हौदा चार बोटं खाली

३ जानेवारी

बारक्या,

दचकू नकोस, बाबा आहेत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू आधी शेवटची ओळ वाचणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या खाणीवर फोन लागत नाही, पण लागला असता तरी मी केला नसता. आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाबा पुढच्या खोलीतून उत्तर देतात. पाठ गेली, पाय गेले, कान मात्र शाबूत आहेत.

बाबांच्या मणक्यात गाठ आहे. साधी नाही. डॉक्टर म्हणाले, मुळासकट जाणार नाही, पण मशीनचा शेक दिला तर दुखणं आटोक्यात येईल, कदाचित उठून बसतीलही. सहा वेळा द्यायचा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. मोठ्या हॉस्पिटलचा रस्ता कसा आहे ते तुला सांगायला नको. पहिल्या तपासणीला भाड्याच्या गाडीतून नेलं. बोट जॅकखाली चेंगरलं होतं तेव्हा हा माणूस नुसता ‘च्’ म्हणाला होता. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला ओरडत होता, बारक्या. मी कान झाकून घेतले आणि मग झाकले म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर म्हणाले, पुन्हा नाही. मी हातापाया पडले, रुसले, दोन वेळा जेवले नाही. शेवटी म्हणाले, "न्यायचंच असेल तर माझ्या गाडीतून न्या. भाड्याच्या डब्यात मी मरायचा नाही."

आता घोडं कुठे अडलंय ते ऐक. बाबांच्या ट्रकचा हौदा माझ्या छातीला लागतो. चार माणसांनी स्ट्रेचर वर उचलायचं म्हणजे ते तिरकं होणार, आणि तिरकं झालं की बाबांची पाठ गेलीच. शिवाय रिकामा ट्रक कसा आदळतो ते तू बरोबर फिरून फिरून अनुभवलंयस. गॅरेजचा उस्ताद म्हणतो, काही काळजी नको, मागच्या चाकांवरच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे गॅसवर तापवतो, ते आपोआप बसतात, एका दुपारीत हौदा खाली. मला ते बरं वाटलं नाही. मी सीटकव्हरं शिवणारी बाई, मला लोखंडातलं काय कळतं? पण उस्ताद फार पटकन ‘काळजी नको’ म्हणाला.

तू खाणीवरच्या गाड्यांचं हेच काम करतोस. ट्रक मागून खाली घ्यायचाय, आणि आत झोपलेल्या माणसाला दणका बसता कामा नये. हे होतं का? होत असेल तर कसं, ते चित्र काढून पाठव.

तू नोकरीसाठी निघालास तेव्हा बाबा म्हणाले होते, माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. डोकं लावायचं नाही असं काही म्हणाले नव्हते. त्यांना यातलं काही कळणार नाही.

तुझी ताई

*

१४ जानेवारी

ताई,

उस्तादला सांग, गॅसची बत्ती कमानीच्या जवळ आणलीस तर मी खाणीवरून चालत येईन. तापवलेला पाटा बसतो हे खरं, पण तो बसतच राहतो. त्याचं पाणी उतरतं, पोलादातला ताठपणा जातो. आठवड्याभरात एक बाजू लोळेल आणि भर रस्त्यात तुटेल. बाबा हौद्यात असताना.

आता नीट वाच. कागदाच्या मागे चित्र आहे.

गाडी उंच का आहे आणि आदळते का, या दोन्हींचं कारण एकच आहे. मूळ कमानीच्या खाली बाबांनी दोन्ही बाजूंना तीन-तीन जादा पाटे घातलेत. जास्त माल भरता यावा म्हणून. ती कमान अजूनही त्या मालाची वाट बघत असते. हौद्यात भार नसला की ती वाकतच नाही, नि जी वाकत नाही ती सगळा दणका वर पाठवते. जादा पाटे काढा. हौदा चार बोटं खाली येईल आणि गाडी कडक व्हायच्या ऐवजी मऊ होईल. लोक म्हणतात, गाडी खाली घेतली की बसायला वाईट होते. ते पाटे कापणाऱ्यांचं आणि तापवणाऱ्यांचं होतं.

मग चेसिसला कमान जिथे टांगली आहे ते ब्रॅकेट वर सरकवायचे, म्हणजे आणखी चार बोटं. पुढचा आणि मागचा दोन्ही सारखेच वर, नाहीतर शाफ्टचा कोन बिघडतो. शॉकअप नवे, आखूड. बुश नवे. पाट्यांमध्ये ग्रीस. आणि गाडी खाली आली की ॲक्सल आणि वरचं रबर यांच्यातली जागा कमी होते. तिथे उस्तादची मूठ गेली पाहिजे. त्याची, तुझी नाही.

हौद्यात दोन्ही चाकांवर रेतीची पोती ठेव. कमानीला थोडा भार लागतोच. उरलेल्या उंचीसाठी अंगणात मागच्या चाकांपुरता चर खणा आणि गाडी त्यात मागे घ्या. लोखंडापेक्षा माती खणणं सोपं.

बाबांचं वजन कळव. रेती किती ठेवायची ते त्यावर ठरेल.

रजा मिळणं सध्या कठीण आहे.

बारक्या

*

२५ जानेवारी

बारक्या,

‘त्यांना कळणार नाही’ असं मी म्हणाले होते ना? गेलं ते चुलीत.

मी उस्तादला अंगणात तुझं पत्र वाचून दाखवत होते. अगदी हळू. आतून हाक आली, "पुन्हा वाच. मोठ्याने." मी पत्र घेऊन आत गेले. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. बत्तीच्या वाक्याला हसल्यासारखं काहीतरी झालं तोंडावर. मग विचारलं, "कोण हा?" मी म्हटलं, ओळखीचे एक कारागीर आहेत, वर्कशॉपमधले. "हं," म्हणाले, "त्या कारागिराला सांग, ब्रॅकेट कबूल, शॉकअप कबूल, रेती कबूल. जन्मभर रेती वाहिली, आता रेतीने मला वाहावं. पण जादा पाटे निघणार नाहीत."

मी विचारलं, का? तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना कपडे काढायला सांगितलं. "त्या पाट्यांवर हे घर उभं राहिलंय. उद्या मी उठलो आणि माल आला, तर काय डोक्यावर वाहू?"

आता बोल. ज्याला कूस बदलायला मी लागते, तो उद्या माल भरणार आहे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा पीळ. मला राग आला, आणि आत जाऊन रडलेही. उस्ताद बिचारा अंगणात तुझं चित्र उलटं धरून उभा होता.

पण एक सांगू? त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. तू कोण आहेस ते त्यांना कळलंय का, मला सांगता येत नाही. तुझं नाव मात्र घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

उस्तादने ब्रॅकेट वर घेतले, चर खणला. मी हौद्याच्या मापाची जाड गादी शिवतेय, सीटच्या फोमची. बाबांचं वजन बावन्न किलो. मला आधी काटाच बिघडलाय असं वाटलं, म्हणून मी स्वतः उभी राहिले. काटा नीट आहे. माझं मात्र वाढलंय.

रजा खरंच मागितलीस का रे?

ताई

*

३ फेब्रुवारी

ताई,

हे त्यांनाच वाचून दाखव.

मालकांना सांगावं की कारागिराने बराच विचार केला. नुसते ब्रॅकेट वर घेतले तर गाडी खाली येईल, पण कमान तितकीच कडक राहील. बुटकी झालेली तीच गाडी, तोच दणका. ही कमान नऊ टन उचलायला बांधली आहे. तिच्यावर बावन्न किलो ठेवलेत. तिला कळणारसुद्धा नाही वर कोणी आहे.

मालकांचा बाणा मोडेन पण वाकणार नाही असा आहे, हे ऐकून आहे. पण कमानीत तसा बाणा चालत नाही. वाकते म्हणून तर ती टिकते. हे मला ज्यांनी शिकवलं ते स्वतः गाडीखाली आडवे पडून, पाट्यावर हातोडी मारून, आवाजावरून चीर ओळखायचे. मी तेव्हा वर दिवा धरून उभा असायचो.

काढलेले पाटे फेकायचे नसतात. तेल लावून गोणपाटात बांधून ठेवता येतात. माल आला की एका दिवसात परत बसतात. सेंटर बोल्ट नि यू-बोल्ट तेवढे मापाचे घ्यावे लागतील. यात मालकांचं काही जात नाही.

ताई, हे खालचं तुझ्यासाठी, त्यांना वाचून दाखवू नकोस. त्यांना दूध दे, अंडी दे, जे जाईल ते दे. मी चित्र काढायला बसलो होतो, बावन्न वाचून पेन्सिल खाली ठेवली. मी तिथून निघालो तेव्हा ते एका हाताने स्टेपनी उचलायचे.

बारक्या

*

२० फेब्रुवारी

बारक्या,

दोन शेक झाले. नाही नाही म्हणता गेले, तेवढ्यावर आपण समाधान मानायचं.

स्ट्रेचर आत सरकवणं आता पोराचा खेळ झालाय. गाडी चरात मागे आली की हौदा माझ्या कमरेला लागतो. हौद्याचा मागचा फाळका पाडला की मी आणि उस्ताद दोघंच पुरतो. त्यासाठी तुझे उपकार. उस्ताद चालवतो, मी आत बाबांच्या उशाशी, दोन्हीकडे रेतीची पोती. पण दणका आहेच. फाटकापाशी रूळ ओलांडताना त्यांनी माझ्या बाहीचा कोपरा दातात धरला. ओरडले नाहीत. बाही फाटली, मी शिवली. मला वाटतं ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाटे अजून आहेत. तुझं ‘मालकांना सांगावं’ शेवटपर्यंत ऐकलं. हातोडीचं आलं तेव्हा तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाले, "कारागिराला लिही. दिवा नीट धरत नव्हता. सारखा हलायचा."

मी लिहितेय. तुला काय वाटायचं ते वाटू दे, मी एवढंच सांगते की त्यानंतर दर आठवड्याला तुमच्या खाणीकडची गाडी येते त्या दिवशी सकाळपासून विचारतात, "टपाल आलं का?" मी नाही म्हटलं की "मला काय करायचंय" म्हणतात, आणि तासाभराने पुन्हा विचारतात.

एकदा मी धीर करून म्हटलं, बाबा, त्याला बोलावून घेऊ का? म्हणाले, "कोणाला?" म्हटलं, कारागिराला. "कामाचा माणूस आहे, त्याला काम असेल. मी कशाला बोलावू?" तू तिकडे बोलावणं येईल म्हणून बसलायस, ते इकडे तू आपण होऊन येशील म्हणून. मी मधे, दोन्हीकडून वाजणारा ढोल. देवाने मला एखादा शहाणा भाऊ दिला असता तर काय बिघडलं असतं?

वजन सेहेचाळीस. डॉक्टर म्हणाले, शेकामुळे भूक जाते, नंतर येते.

ताई

*

२७ फेब्रुवारी

ताई,

याच गाडीने टायरच्या चार ट्यूब पाठवतोय. डंपरच्या नाहीत, घाबरू नकोस, लहान आहेत. अर्ध्याच हवेच्या भर. हौद्यात मांड, वर फळी, फळीवर तुझी गादी. ट्यूब फुगवून टणक करायच्या नाहीत, अंगठा दाबला की आत गेला पाहिजे. मालक पाटे काढू देत नसतील तर कमानीच्या वर आपण दुसरी कमान करू. फळी दोन्ही बाजूंनी दोराने सैल बांध, म्हणजे वळणावर सरकणार नाही.

मालकांना सांग: दिवा हलायचा, कारण धरणाऱ्याचं लक्ष हातोडीच्या आवाजाकडे असायचं. आता इथे एवढ्या मोठ्या गाड्या आहेत की त्यांच्या पाट्यावर मी अख्खा झोपू शकतो. मशीन आहे, चीर पडद्यावर दिसते. तरी मी आधी हातोडी मारून बघतो. इथले लोक हसतात.

पाट्यांबद्दल आता पुन्हा म्हणणार नाही. गाडी त्यांची आहे.

सेहेचाळीस किलोला रेती वाढवावी लागेल. प्रत्येक बाजूला आणखी दोन पोती.

बारक्या

*

१२ मार्च

बारक्या!

तू जिंकलास. पेढे वाट, नाहीतर जे काय तिकडे मिळतं ते वाट. पाटे निघाले!

झालं असं. तुझं पत्र वाचून दाखवलं. ‘गाडी त्यांची आहे’ हे मला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप परत दिला आणि अगदी सरळ आवाजात, जसं कुणी ‘खिडकी उघड’ म्हणावं तसं म्हणाले, "उस्तादला बोलाव. जादा पाटे काढून टाका." मला आधी ऐकण्यात चूक वाटली. मग मी चप्पल न घालता गॅरेजपर्यंत गेले, त्यांचा विचार बदलायच्या आत.

खाट खिडकीशी लावून घेतली आणि सगळं काम बघितलं. एकदाही ‘असं नको, तसं कर’ म्हणाले नाहीत. किती शहाण्यासारखे वागले म्हणून सांगू! उस्तादने विचारलं, मालक, पाटे तेल लावून ठेवू ना? तर म्हणाले, "कशाला जागा अडवायची? भंगारात दे. आणि माझी ती मोठी पेटी तू घेऊन जा, पान्यांची. तुझे पाने सगळे झिजलेले आहेत." उस्ताद नको नको म्हणत होता. मी म्हटलं, घे रे, प्रेमाने देतायत तर.

आणि बारक्या, काय गाडी झाली! तिसऱ्या शेकाला गेलो. ट्यूबवर फळी, फळीवर गादी, खाली मऊ कमान. फाटकापाशी मी दुसरी बाही पुढे करून बसले होते, आणि बघते तर बाबा झोपलेले. रूळ ओलांडले तरी झोपलेले! मी वेड्यासारखी हसत होते एकटीच. येताना म्हणाले, "कारागिराला कळव. त्याचं बरोबर होतं."

ऐकलंस? त्याचं बरोबर होतं. हे वाक्य ऐकायला तू किती वर्षं थांबला होतास!

आता निम्मे शेक झालेत, पुढचे तीन असेच आरामात होतील. डॉक्टर म्हणतात, नंतर खुर्चीत बसवू. तेव्हा रजेसाठी जिवाचा आटापिटा करू नकोस. जरा उठून बसू दे त्यांना, मग ये. तेव्हा मी स्वतः तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून बाहेरून कडी लावणार आहे.

वजन यावेळी करू दिलं नाही. म्हणाले, "आता कशाला? गाडी बसली ना नीट."

तुझी खूश ताई

*

१८ मार्च

ताई,

मी येतोय. रजेचा अर्ज आज सकाळी दिला आणि दुपारी रजा मिळाली. बदली माणूस आला की त्याच्याच गाडीने निघेन. हे पत्र माझ्या आधी चार-पाच दिवस पोचेल.

तुझी खुशी मोडायचं मला जिवावर येतंय. पण तू चुकीचं वाचलंस. मी अर्ध्या पत्रापर्यंत हसत होतो, मग पान्यांच्या पेटीचं वाचलं.

आमच्या धंद्यात जादा पाटे कोणी काढत नाही. गाडी वर्षभर रिकामी उभी असली तरी काढत नाही. ते काढतात, जेव्हा गाडी पुन्हा माल ओढणार नाही असं मालकाने ठरवलेलं असतं. आणि भंगारात देतात म्हणजे नक्कीच ठरवलेलं असतं. बाबांनी मला ‘बरोबर’ म्हटलं. ताई, त्यांनी आयुष्यात कोणाला बरोबर म्हटलंय? भांडण संपवलं त्यांनी. ते जादा पाट्यांसाठी भांडत होते तोवर त्यांना उठायचं होतं. मी इतका पाठीस लागलो, मला हे कळायला हवं होतं. मला गाडी दिसत होती, गाडीतला माणूस नाही.

पाटे भंगारात गेले नसतील तर ठेवून घे. त्यांच्याजवळ बस. शेकाची गडबड करू नकोस, नको म्हणाले तर राहू दे.

मी येतोय हे त्यांना सांगू नकोस.

नाही. सांग. सांग, कारागीर येतोय.

बारक्या

*

२ मे

बारक्या,

तू परत गेल्यापासून हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. समोर असताना सांगता आलं नाही. आज लिहून टाकते. ट्रक बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्यामुळे आता गप्प राहणं बरोबर नाही.

तुझं ते पत्र ज्या सकाळी आलं, मला तुझा संतापच आला होता. म्हटलं, जरा कुठे सुखाचा दिवस दिसला तर याला त्यातही खोट दिसते. पत्र त्यांना वाचून दाखवलं नाही. शेवटची ओळ तेवढी सांगितली. "बाबा, कारागीर येतोय."

त्यांनी छातीवरची चादर दोन्ही हातांनी सारखी केली. मग म्हणाले, "कधी?" म्हटलं, चार-पाच दिवसांत. "उस्तादला बोलाव."

उस्ताद आला. बाबांनी विचारलं, "पाटे दिलेस का भंगारात?" तो मान खाली घालून म्हणाला, नाही मालक, जीव झाला नाही, गॅरेजच्या मागे ठेवलेत. बाबा म्हणाले, "चांगलं केलंस. परत बसव."

मी ओरडलेच. म्हटलं, बाबा, परवा शेक आहे, मऊ झालेली गाडी कशाला पुन्हा दगड करताय? उस्तादही म्हणाला, मालक, शेक होऊ देत, मग बसवतो. "आज," म्हणाले. उस्तादने कारण विचारलं. तेव्हा जे म्हणाले, ते तसंच्या तसं लिहिते, एक शब्द माझा नाही.

"पोरगं येतंय. त्याला काय बसलेली गाडी देऊ? माल ओढणारी गाडी दिली पाहिजे."

पोरगं म्हणाले, बारक्या. कारागीर नाही.

खाट खिडकीशी लावली. उस्ताद डाव्या बाजूला लागला. आणि या वेळी तोंडाचा पट्टा सुरू! "यू-बोल्ट एकदम आवळू नकोस, आळीपाळीने आवळ. ग्रीस कुठे लावलंस? तिथे नाही, टोकाला." आवाज बसलेला, पण पूर्वीचा. डावी बाजू झाली तेव्हा दमले. म्हणाले, "उजवी उद्या. तो यायच्या आत झाली पाहिजे." मी दिलेलं दूध सगळं प्यायले. दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले, तर तोंड खिडकीकडे होतं आणि अंग गार होतं.

तू तीन दिवसांनी आलास, वाटेतच तुला कळलं होतं, आणि अंगणाच्या फाटकातच थांबलास. ट्रक अंगणात एका बाजूला कललेला उभा. तू आत यायच्या आधी उस्तादवर तुटून पडलास. "कोणी केलं हे अर्धवट काम? माझ्या बापाला असल्या गाडीतून नेत होतात?" उस्तादने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून त्याला गप्प केलं. त्याने तुझं सगळं ऐकून घेतलं.

आणि तेराव्यापर्यंतचं सगळं उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी, तू कोणाशी न बोलता गाडीखाली शिरलास. डाव्या बाजूचे तिन्ही पाटे काढलेस. गाडी सरळ केलीस, हात धुतलेस आणि मग आत येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. मला वाटलं, याचं रडणं असंच बाहेर येतंय तर येऊ दे. त्यांनी बसवायला सांगितलेले पाटे तू काढत होतास, आणि मी दारात उभी राहून बघत होते.

मी चुकीचं वाचलं असं तू लिहिलंस ते खरं होतं. त्यांनी हाय खाल्ली होती, मला कळलं नाही. पण ती कललेली गाडी तूही चुकीची वाचलीस रे. ते अर्धवट काम नव्हतं. तेवढंच करून होण्याइतका वेळ त्यांना मिळाला.

हे सांगून तुझं दुःख वाढवलं असेल तर मला शिव्या दे. पण हे मी माझ्यापाशी ठेवलं असतं तर ती चोरी झाली असती. ते तुझं आहे.

गिऱ्हाइकाने गाडी सगळी बघितली. खाली वाकून म्हणालं, जादा पाटे नाहीत, माल कसा ओढणार? उस्ताद म्हणाला, आहेत, सहाही आहेत, सांगा कधी बसवू. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गाडी ज्याची आहे त्याला विचारून सांगते.

ताई